सिद्ध झालेली गृहीतके

मराठी विषयात पीएच.डी.साठी नोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्याला आराखड्यातच गृहीतक मांडावे लागते. 'अमुक तालुक्यातील जात्यावरच्या ओव्यांत स्त्रीजीवनाचे चित्रण आढळते' हे त्याचे गृहीतक. चार-पाच वर्षांनी ते 'सिद्ध झाले आहे' असे तो उपसंहारात लिहितो. जे आधीच ठाऊक होते ते शोधायला गावोगाव कशासाठी हिंडलात, असे मौखिकीत कोणी विचारत नाही. अशा मौखिकींना आम्ही बसलो आहोत. आमचे प्रबंधही याच साच्यातून निघाले आहेत. तेव्हा पुढील दोषारोपातून आम्ही स्वतःला वगळत नाही.

आमचे म्हणणे असे की, आपल्या मराठी विभागांत गुणात्मक संशोधन शिकवलेच जात नाही. समाजशास्त्रीय पाहणीचा सांगाडा उसना आणून तो साहित्यावर चढवला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमावलीने पीएच.डी.ला कोर्सवर्क सक्तीचे केले. त्यातील संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमाविषयी लिहिताना संख्यात्मक पद्धती आणि संगणक यांचा नामनिर्देश झाला. मुलाखत कशी घ्यावी, ऐकलेले कसे उतरवून घ्यावे, याचा झाला नाही. नियमावल्या पुढे 2016 व 2022 साली बदलल्या; आमच्या वर्गांतली प्रश्नावली आणि टक्केवारी मात्र हलली नाही.

आमच्यापैकी एकीचा अनुभव सांगतो. ओव्या सांगणारी एक वृद्ध बाई सासरच्या जाचाच्या ओवीपाशी आली आणि सून दारात दिसताच थांबली. मग तिने माहेरची ओवी घेतली. हा प्रसंग प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात होता. 'व्यक्तिगत' असा शेरा मारून तो काढायला लावला गेला. प्रबंधात उरली ती माहेरची ओवी आणि 'निवेदक क्रमांक 7'. ओवी कोणासमोर म्हणता येते आणि कोणासमोर नाही, हा त्या प्रबंधातला एकमेव खरा शोध होता. तो काढून टाकल्यावर पदवी मिळाली.

मराठीत याहून वेगळे घडलेच नाही, असे नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनला डॉक्टरेट मिळवली ती मानवी कवट्यांच्या असममितीवर, म्हणजे मोजमापावर. त्याच इरावतीबाई पुढे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' लिहिला. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात हे त्यांनी पाहिले, आणि त्याने आपल्याला झालेला त्रासही लेखातून वगळला नाही. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांना सोबत घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या संग्रहात गाणारणीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. तिथे बाई क्रमांक होत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: अशाने संशोधनाची वस्तुनिष्ठता जाईल, प्रबंध ललित लेख होतील. हा आक्षेप आम्हांला पोकळ वाटतो. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, त्या वेळी तिथे कोण बसले होते, बोलणारा कुठे गप्प झाला, आपला कोणता समज मोडला, हे नोंदवण्यासाठी शिस्त लागते. पन्नास प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा ती कठीण आहे. ती न पाळता लिहिलेला प्रबंध ललितही होत नाही, नुसता सैल होतो.

आमची मागणी मोठी नाही. कोर्सवर्कमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याने एक मुलाखत घ्यावी, ती शब्दशः उतरवावी आणि महिन्याने त्याच माणसाकडे परत जावे. मार्गदर्शकाने एकदा तरी सोबत जावे. टिपणवही प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडावी, खाडाखोडीसकट. आणि मौखिकीत पहिला प्रश्न असावा: तुमचे कोणते गृहीतक चुकले? ज्याच्यापाशी याचे उत्तर नसेल, त्याला आम्ही पुन्हा गावी पाठवावे. आणि आमच्या हातून गाळले गेलेले परिच्छेद शोधायला आम्हीही त्याच्यासोबत निघावे.