धाप वयामुळे लागत नाही

दिवाळीच्या खरेदीत लहान मुलांसाठी म्हणून एक डबी हमखास घेतली जाते, नागगोळ्यांची. आवाज नाही, ठिणगी नाही. त्यामुळे चार वर्षांचं पोरही बिनधास्त पुढे बसवलं जातं आणि काळा नाग वळवळत वर येताना बघायला ते तोंड अगदी जवळ नेतं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन वेगवेगळ्या फटाक्यांच्या धुरातले सूक्ष्म कण मोजले, तेव्हा पहिला नंबर या गोळीचा लागला: एका घनमीटर हवेत ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराची लड ३८,५४० वर थांबली. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीसाठी मर्यादा आहे ६० ची. एक आकडा क्षणाचा, दुसरा दिवसाचा, हे मान्य; तरी तफावत पुरेशी बोलकी आहे. यंदा ही डबी घेऊ नका.

पण दिवाळी चार दिवसांची. खरी चिंता वर्षभर घरात साचणाऱ्या धुराची आहे, कारण त्याला आपण धूर म्हणतच नाही. पहाटेचा बंब, पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल, संध्याकाळचा धूप, आणि दारं-खिडक्या लावून उशाशी ठेवलेली मच्छर कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळून संपेपर्यंत निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मुलासमोर बिडी ओढणाऱ्या आजोबांना आपण अंगणात पाठवतो आणि त्याच मुलाच्या खाटेखाली कॉइल लावतो. मच्छरदाणी स्वस्त आहे आणि कॉइलपेक्षा चांगली आहे. आजच बांधा.

अशा धुरातून होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं नाव आता बऱ्याच घरांत पोचलं आहे. २०१६ साली देशात या आजाराचे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज होता. तरीही सीओपीडी हा बिडी-सिगारेटवाल्या पुरुषांचा आजार, अशीच समजूत आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलंच नसतं. आपल्याकडे यातल्या कितीजणी फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या असतील, याचा विचार करा. दहाव्या-बाराव्या वर्षापासून रोज दोनदा, लग्नानंतरही, बाळंतपणातही, पाठीला किंवा मांडीवर मूल घेऊन.

हा आजार होतो कसा? बारीक कण श्वासनळ्यांच्या अगदी टोकाच्या फांद्यांपर्यंत पोचतात. तिथे सूज येते, कफ वाढतो, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस झडतात आणि हवेच्या पिशव्यांची लवचीकता जाते. मग घेतलेला श्वास पूर्ण बाहेर पडत नाही. जुनी हवा आत कोंडून राहते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. रुग्ण म्हणतो, ‘श्वास घेता येत नाही’. खरी अडचण असते सोडण्याची. दम्यात अडलेली नळी औषधाने बरीचशी मोकळी होते, त्रास कमी-जास्त होत राहतो. सीओपीडीत झालेलं नुकसान भरून येत नाही. ते वाढू न देणं एवढंच हातात असतं.

आणि फुप्फुस लवकर बोलत नाही. त्याच्याकडे शिल्लक इतकी असते, की बरीच ताकद गेल्यावरच चढावर धाप लागू लागते. तोवर बाई हळू चालायला शिकलेली असते. पाण्याचा हंडा छोटा झालेला असतो, वरच्या वाडीतल्या बहिणीकडे जाणं बंद झालेलं असतं. घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’ पन्नाशीत? पन्नास हे काही धाप लागायचं वय नव्हे.

म्हणून ही विनंती कळकळीची आहे. घरात कुणाला दोन महिने खोकला आणि कफ असेल, बरोबरीच्या माणसांसोबत चालताना थांबावं लागत असेल, छातीत घरघर होत असेल, किंवा टीबीचा कोर्स पूर्ण होऊनही दम लागत असेल, तर फुंकून करायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री करून घ्या. जोरात, निदान सहा सेकंद, नळीत हवा सोडायची; सुई नाही, दुखणं नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. सुरुवातीला तो चांगलाच येतो. कोविडात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो: बोटाला ९७ दाखवतो आणि आजार आत पुढे सरकत असतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या छातीरोग विभागात ही तपासणी होते. तालुक्याला मात्र यंत्र बऱ्याचदा नसतं, आणि असलं तर चालवणारा नसतो. साखर मोजायचं यंत्र गल्लीच्या दवाखान्यात आणि श्वास मोजायचं यंत्र शंभर किलोमीटरवर, ही व्यवस्था बदलायला हवी. ग्रामसभेत हा विषय काढा, आमदारांना विचारा.

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो अर्ज भरतात, त्यात स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हा प्रश्न असतो. तिथे खरं उत्तर द्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आले, हे चांगलंच झालं. पण पुष्कळ घरांत गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर असते. सिलिंडरचा भाव हे कारण खरं आहे, त्याची लाज वाटायचं कारण नाही. अशा घरांनी निदान चूल उघड्यावर न्यावी, सरपण वाळलेलंच घ्यावं, धुराडं बसवावं आणि लेकरू चुलीपासून दूर ठेवावं. बंबात प्लास्टिक आणि टायरचे तुकडे तर कधीच नकोत. ऊसवाल्यांनी पाचट न पेटवता कुट्टी करून रानातच कुजवावं. जमिनीचंही भलं होतं.

औषधाच्या पंपाबद्दलची, म्हणजे इनहेलरबद्दलची, एक भीती मात्र इथेच मोडली पाहिजे. ‘पंप लागला की सुटत नाही’, ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’. मुलीचं लग्न ठरेपर्यंत पंप लपवणारी घरं आहेत. हिशेब बघा: श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे गोळीतून चाळीसपट औषध रक्तात फिरवायचं, हात थरथरू द्यायचे, छाती धडधडू द्यायची, का तर पंप चारचौघांत दिसतो. पंपाची सवय लागत नाही. आजार कायमचा आहे म्हणून तो रोज लागतो, चष्म्यासारखा. फक्त तो नीट घ्यायला शिकावं लागतं. डॉक्टरांपुढे एकदा घेऊन दाखवा, पंपाला जोडायचा स्पेसर मागून घ्या, श्वास दहाएक सेकंद रोखा, स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टर सांगतील तेव्हा न्यूमोकोकलची लस घ्या, कारण थंडीतला एक साधा संसर्ग अशा रुग्णाला थेट रुग्णालयात नेतो आणि तिथून परतताना फुप्फुसाची आणखी थोडी ताकद गेलेली असते.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना उपदेश करणारे पुष्कळ आहेत, मी भर घालत नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार हा जागतिक सीओपीडी दिन. त्या दिवशी शिबिर भरेल, फलक लागतील. त्याची वाट बघू नका. भाऊबीजेला बहीण येईल, आई चुलीपुढून उठून दाराशी येताना एकदा थांबेल. ती कुठे थांबते ते बघा, आणि सुट्टी संपायच्या आत तिला तपासणीला घेऊन जा. जुने एक्स-रे, टीबीचे कागद आणि ती घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, की ती किती वर्षं चुलीवर स्वयंपाक करते आहे.