जुन्या संगणकाला नेमके काय जड होते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली आणि असंख्य चालत्या-बोलत्या संगणकांना एका दिवसात वार्धक्य आले. विंडोज ११च्या दाराशी अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या सुमारास आलेला किंवा त्यानंतरचा हवा. चिरंजीवांच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी, २०१३-१४ साली, पेढे वाटून घरी आणलेला लॅपटॉप या दारातून आत जाऊ शकत नाही. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली, तिने प्रश्न वर्षभर पुढे ढकलला इतकेच. यंत्राचा पडदा उजळतो, कळफलक चालतो, पंखा फिरतो; तरीही ते भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर ठेवण्याची वेळ आली, असे घरातील कर्त्या माणसाला वाटू लागते.

अशा वेळी कोणीतरी जाणता भाचा किंवा शेजारी ‘लिनक्स टाका’ असे सुचवतो. सल्ला उत्तम आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिलेला गाभा यांच्या संगमातून उभी राहिलेली ही प्रणाली विनामूल्य आहे, तिचा अंतर्भाग सर्वांना खुला आहे. तथापि लिनक्स एक नाही. त्याची शेकडो वितरणे आहेत, आणि जुन्या यंत्रासाठी त्यांतले कोणते घ्यावे, या प्रश्नाला ठरीव उत्तर मिळते ते असे : ‘जे सर्वांत हलके, ते घ्या.’ वस्तुतः याच उत्तराने अनेकांचा लिनक्सवरचा विश्वास उडवला आहे.

पपी लिनक्सचे उदाहरण घ्यावे. ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी २००३ साली सुरू केलेले हे वितरण संपूर्ण रॅममध्ये चढते आणि जराजर्जर यंत्रही तुरुतुरु पळू लागते. हार्डडिस्क बिघडलेल्या संगणकातून छायाचित्रे आणि कागदपत्रे सोडवून घ्यायची असतील तर त्याच्यासारखा मित्र नाही. पण त्यात वापरणारा मूलतः प्रशासकाच्या अधिकाराने वावरतो. ज्या अभ्यासिकेत दिवसभरात दहा मुले एकाच यंत्रावर बसतात, तेथे प्रत्येकाच्या हाती तिजोरीची किल्ली देण्यासारखेच हे झाले. पहिल्या आठवड्यात वेगाचे कौतुक होते, तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी चुकीने सारे पुसले जाते, आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी बसतो.

मग निवड कशी करावी? प्रथम यंत्र ओळखावे. त्याचा प्रोसेसर ३२-बिटचा आहे की ६४-बिटचा, येथे बहुतेकांची फसगत होते. यंत्रावर पूर्वी ३२-बिटची विंडोज होती म्हणून यंत्रच ३२-बिटचे, असा समज रूढ आहे. २००६ साली आलेला कोअर २ ड्युओसुद्धा ६४-बिटचा आहे. खरोखर ३२-बिटची असतात ती त्याआधीची बरीचशी यंत्रे आणि २००८च्या सुमारास स्वस्तात मिळालेले ॲटम एन२७० जातीचे चिमुकले नेटबुक. या यंत्रांचे दिवस भरत आले आहेत, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ने ३२-बिटच्या जुन्या यंत्रांसाठी स्थापना-संच देणे बंद केले, आणि फायरफॉक्सच्या कर्त्यांनीही त्याच वर्षी ३२-बिट लिनक्ससाठीची साथ थांबवली. डेबियन १२वर आधारलेले अँटिएक्स-२३ त्यावर चालते. टंकलेखनाला, जुनी गाणी ऐकायला ते पुरेसे आहे. त्यावर कोणी बँकेचे व्यवहार करू नयेत.

६४-बिटचे यंत्र असेल तर रॅम पाहावी. चार जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती डोळे झाकून घ्यावी. तिच्याहून हलकी वितरणे आहेत, लुबुंटू त्यांपैकीच. पण मिंटच्या २२ या मालिकेला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळत राहणार आहेत, तर लुबुंटूच्या २४.०४ आवृत्तीची मुदत २०२७ची. निवृत्त शिक्षकाच्या घरी दर दोन वर्षांनी प्रणाली बदलायला कोण जाणार? शंभर-दोनशे एमबी वाचवण्यापेक्षा ही दोन वर्षे मोलाची आहेत. रॅम दोन जीबी असेल तर लुबुंटू किंवा अँटिएक्सचा विचार जरूर करावा. त्याहूनही बरे म्हणजे आणखी दोन जीबीची पट्टी टाकावी आणि जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. या एका बदलाने जो फरक पडतो, तो कोणत्याही वितरणाच्या अदलाबदलीने पडत नाही.

कारण जुन्या संगणकाला जड होते ते मुख्यत्वे ब्राउझर. प्रणाली कितीही सडपातळ असो, आजची वृत्तपत्रांची संकेतस्थळे, चलचित्रे, बँकांची पाने ही त्याच ब्राउझरमधून यायची आणि तेवढीच रॅम खायची. दहा पाने एकदम उघडून ठेवणाऱ्याला जगातील कोणतेही हलके लिनक्स तारू शकणार नाही.

मराठी माणसापुढचा आणखी एक अडसर इंग्रजी सल्लागारांच्या ध्यानीही येत नाही. गावोगावच्या छापखान्यांत, पतसंस्थांत आणि संस्थांच्या कार्यालयांत वर्षानुवर्षांचा मजकूर श्री-लिपी किंवा तत्सम युनिकोडपूर्व टंकांत आणि पेजमेकरमध्ये साठलेला आहे. पेजमेकरची शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ची. हा मजकूर लिनक्सवर उघडू गेल्यास अगम्य चिन्हांची रांगोळी समोर येते. अशांनी घाई करू नये. ते एक यंत्र विंडोजवरच ठेवावे, त्याची इंटरनेटची तार काढून टाकावी आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदारालाही लिनक्सचा आग्रह करण्यात अर्थ नाही. नव्याने लिहिणाऱ्याला मात्र अडचण नाही. इनस्क्रिप्टचा कळफलक दोन्हीकडे सारखाच, आणि लिब्रेऑफिसमध्ये देवनागरी सुरेख उमटते.

स्वदेशीच्या आग्रहापोटी ‘बॉस’ हेच वितरण घ्यावे, असेही काही जण म्हणतात. सी-डॅकचे हे काम स्तुत्य आहे, भारतीय भाषांची त्यातील सोय चांगली आहे. पण बॉसही डेबियनवरच उभे आहे. कोठल्याही वितरणाच्या मुळाशी जगभरच्या हातांचे श्रम असतात. स्वावलंबनाची खरी कसोटी दुसरीकडे लागते. रात्री नऊ वाजता मुद्रक चालेनासा झाला तर गावातले कोण येऊन तो चालू करील? केरळने शाळांतून मुक्त प्रणाली रुजवली ती शिक्षकांना आधी शिकवून. म्हणून एका वस्तीत, एका संस्थेत सर्व यंत्रांवर एकच वितरण असावे, आणि ते शक्यतो तेथल्या दोघा-तिघांना अवगत असलेले. दोघा-तिघांना यासाठी की, एकटा जाणकार पुण्याला नोकरीला गेला की सारी यंत्रे अनाथ होतात.

निवड ठरल्यावरही ती लगेच बसवू नये. पेनड्राइव्हवरून आठवडाभर चालवून पाहावी. वायफाय लागतो का, आवाज येतो का, घरातला मुद्रक ओळखला जातो का, हे तेवढ्यात कळते. काही लोकप्रिय लेझर मुद्रक लिनक्सवर फार छळतात. आणि बसवण्यापूर्वी मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल तेवढा बदलून घ्यावा. तो संपलेला असला की यंत्र दर वेळी आपली तारीख विसरते, वीज आल्यावर २००९ साल दाखवते, सुरक्षित संकेतस्थळे त्या तारखेवर विश्वास ठेवायला नकार देतात, आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘लिनक्सवर इंटरनेटच चालत नाही.’