ऋण काढून नाताळ नको

ऋण काढून सण करूं नये, हें वाडवडिलांचें सांगणें आपणां सर्वांस पाठ आहे. आचरणांत मात्र तें फार थोड्यांच्या येतें. लग्न, बारसें, दिवाळी अशा प्रसंगीं इतरांनीं केलेल्या कर्जाविषयीं आपण ख्रिस्ती लोक कित्येकदां उपदेशाच्या सुरांत बोलतों. परंतु डिसेंबर महिना उजाडला म्हणजे आपल्या स्वतःच्या घरांत काय चालतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. नाताळच्या भेटी थोड्या खर्चांत व स्वतःच्या हातांनीं कशा कराव्या, आणि त्या तशाच कां कराव्या, याविषयीं चार शब्द आपल्या वार्षिकांत लिहावे असें मनांत आहे. विषय लहान दिसतो. पण त्यांत कित्येक घरांचें समाधान गुंतलेलें आहे.

प्रथम आपल्या लातूर जिल्ह्याची स्थिति पाहूं. येथील सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतें व बहुतेक घरीं तें लागलीच बाजारांत जातें. त्या पैशांतून बियाण्याची व खताची उधारी फिटते, दिवाळी होते, आणि उरलेंसुरलें मुलांच्या शिकवणीच्या फीसाठीं जातें. ‘लातूर पॅटर्न’ या नांवाचा सर्वत्र बोलबाला झाल्यापासून ही फी म्हणजे केवढें ओझें आहे, हें येथील आईबापांस सांगावयास नको. तूर डिसेंबरअखेरीस कापणीस येऊं लागते, व तिचा पैसा जानेवारी-फेब्रुवारींत हातीं पडतो. ज्वारी आणि हरभरा तर शेतांत उभेच असतात. म्हणजे नाताळ हा नेमका दोन सुगींच्या मधल्या खिंडींत येतो. जुना पैसा सरलेला असतो, नवा यावयाचा असतो, आणि मुलें मात्र भेटींची वाट पाहत असतात. अशा वेळीं उसनवारी करण्याचा मोह कोणास होणार नाहीं?

त्यांत हल्लीं एक नवी चाल सर्वत्र रूढ होत आहे. शाळांत, रविवारच्या शाळांत, तरुणांच्या मंडळांत चिठ्ठ्या टाकून एकमेकांचीं नांवें काढावयाचीं, आणि ठरलेल्या रकमेची भेट विकत आणून त्या व्यक्तीस द्यावयाची. चाल मुळांत गोड आहे. कारण ज्याच्याशीं आपली मैत्री नाहीं त्याचाही विचार करण्यास ती शिकविते. परंतु तिच्यांतील ‘ठरलेली रक्कम’ ही गोष्ट मला खटकते. शंभर रुपये हे कोणास क्षुल्लक वाटतील. पण एका घरांत तीन मुलें असलीं, व प्रत्येकास शाळेंत एक आणि देवळांत एक अशी भेट द्यावी लागली, तर 600 रुपये होतात. एवढ्यासाठीं शेतमजुरी करणाऱ्या बाईस दोन दिवस तरी उन्हांत खपावें लागतें. भेटींच्या दिवशीं पोटदुखीचें निमित्त सांगून घरीं राहणारा मुलगा आमच्या धंद्यांतील बहुतेकांनीं पाहिलेला असतो. त्याचें पोट दुखत नसतें, हें आम्हांसही ठाऊक असतें आणि त्यालाही.

कोणी म्हणेल कीं, विकत आणलेल्या भेटींवांचून नाताळ तो कसला? अशांस नम्रपणें सांगावेंसें वाटतें कीं, हा प्रकार आपण समजतों तितका पुरातन नाहीं. नाताळचें पहिलें छापील भेटकार्ड लंडन शहरीं 1843 सालीं विक्रीस निघालें. सर हेन्री कोल यांनीं तें जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून काढवून घेतलें होतें, व एका कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे त्या काळच्या मजुरास न परवडणारी, होती. तत्पूर्वींचीं अठराशें वर्षें लोकांनीं तीं कार्डें न घेतांच ख्रिस्तजन्माचा आनंद केला. शुभवर्तमानांत पाहिलें तर दोन प्रकारच्या भेटी आढळतात. मागी लोकांनीं बाळापुढें सोनें, ऊद व गंधरस ठेविला, हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील दुसऱ्या अर्पणाकडे आपलें लक्ष जात नाहीं. बाळास मंदिरांत आणिलें तेव्हां मातापित्यांनीं पांखरांचें अर्पण केलें. आणि ज्याला कोंकरूं देण्याची ऐपत नसेल त्यानें दोन होले किंवा पारव्यांचीं दोन पिलें आणावीं, अशी मोशेच्या नियमशास्त्रांतच सवलत होती. ज्यांच्यापाशीं सोनें होतें त्यांनीं सोनें आणिलें. ज्यांच्यापाशीं नव्हतें त्यांनीं पांखरें आणिलीं. कर्ज काढून कोंकरूं कोणीं आणिलें नाहीं. माझ्या मतें नाताळच्या खर्चाचा सगळा नियम यांत आला.

हा नियम आपल्या भूमीसही परका नाहीं. मार्गशीर्षाच्या अमावास्येस, म्हणजे बहुधा नाताळच्याच मागेंपुढें, आपल्या भागांत येळवस होते. त्या दिवशीं लातूर शहर ओस पडतें व शेतें माणसांनीं फुलतात. ज्याचें शेत आहे तो ज्याचें नाहीं त्यास आग्रहानें बोलावितो, आणि भज्जी, आंबील, उंडे व खीर यांचें जेवण वाढतो. त्या भज्जींतील तुरीचे व हरभऱ्याचे हिरवे दाणे बहुतेक आपल्याच शिवारांतले असतात. तें जेवण कितीचें, असें आजपर्यंत कोणीं विचारलें आहे काय? हें ज्या जिल्ह्याच्या अंगवळणीं पडलें आहे, त्यास नाताळची भेट घरच्या वस्तूंतून कशी द्यावी हें परक्यांकडून शिकण्याचें कारण नाहीं. शिवाय वस्तूची किंमत व तिचें मोल यांतील अंतर लातूरकरांस जितकें कळतें तितकें दुसऱ्या कोणास कळेल? 2016 च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून या शहराची तहान भागवावी लागली. त्या उन्हाळ्यांत शेजाऱ्यास दिलेल्या एका घागरीचें मोल कोणत्या दुकानाच्या चिठ्ठीवर लिहितां आलें असतें? ज्यास ज्या गोष्टीची गरज आहे ती त्यास देणें, यांत भेटीचें मोल असतें.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें पाहूं. कोणतीही भेट करण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. तिचें बहुतेक साहित्य घरांत आहे काय? ती मी माझ्या हातांनीं करणार आहें काय? आणि जिच्यासाठीं ती आहे त्या व्यक्तीस ती हवीशी वाटेल काय? या तिन्हींस ‘होय’ असें उत्तर आल्यास बेधडक कामास लागावें.

विद्यार्थ्यांस सर्वांत सोपी भेट म्हणजे वही. गेल्या वर्षींच्या वह्यांत कितीतरी कोरीं जोडपानें उरलेलीं असतात. तीं काढून, एकांत एक घालून, मधल्या घडीवर दाभणानें पांच भोकें पाडावीं व जाड दोऱ्यानें शिवावीं. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद खळीनें चिकटवून वेष्टन करावें. दोन चमचे मैदा पेलाभर पाण्यांत कालवून मंद आंचेवर शिजविला कीं खळ झाली. त्याच खळीनें व पतंगी कागदानें ताऱ्याचा कंदीलही होतो. बांबूच्या दहा सारख्या कामट्या घेऊन पांच-पांचांच्या दोन चांदण्या बांधाव्या, त्यांचीं पांचही टोकें एकमेकांस बांधावीं, व आंतल्या पांच कोनांत पांच आखूड कामट्या आडव्या अडकवाव्या, म्हणजे तारा आपोआप फुगतो. ज्या घरीं म्हातारीं माणसेंच आहेत, तेथें असा एक तारा नेऊन दारावर टांगून देणें ही फार सुंदर भेट होईल.

खाऊ द्यावयाचा असल्यास अर्धा किलो भाजलेले शेंगदाणे व 300 ग्रॅम गूळ एकत्र कुटावा. त्यांत लिंबाएवढे सुमारें 25 लाडू होतात, व पांच जणांस पांच-पांच देतां येतात. कारळ्याची किंवा जवसाची चटणी स्वच्छ कोरड्या बाटलींत भरून, पाण्याचा अंश लागूं दिला नाहीं, तर महिनाभर टिकते. जे नातलग पुण्यामुंबईस गेले आहेत, त्यांस तर गांवची डाळ व मीठ लावून ठेविलेले चिंचेचे गोळे मिठाईहून गोड लागतात. आपल्या जिल्ह्यांतील बोरसुरीची तूरडाळ व पानचिंचोलीची चिंच यांस 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मग त्यांची पुरचुंडी पाठविण्यांत संकोच कसला? गवती चहाचा ठोंब फोडून किंवा कोरफडीचें पिलूं काढून, तळाशीं भोकें पाडलेल्या दुधाच्या पिशवींत लाविलें, तर त्यास मातीवांचून कांहींच लागत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं तान्हें मूल आहे त्यांच्यासाठीं आईच्या जुन्या सुती साडीचे तीन-चार पदर धावदोऱ्यानें शिवून लहानशी वाकळ करावी. अनेकदां धुतलेल्या सुताइतकें मऊ वस्त्र दुकानांत मिळत नाहीं.

दोन भेटी मात्र मला या सर्वांहून श्रेष्ठ वाटतात. पहिली, आजीच्या ओव्यांची वही. जात्यावर बसलेल्या बायकांनीं रचिलेल्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. तुमच्या आजीस त्यांपैकीं पंचवीस आठवत असतील, किंवा तिच्या स्वतःच्या अशा दहाच असतील. त्या तिच्या तोंडून ऐकून सुवाच्य अक्षरांत उतरून घ्या, आणि ती वही आईस द्या. दुसरी भेट सेवेची. बारा चिठ्ठ्या कराव्या, प्रत्येकीवर वर्षाचा एक महिना व एक काम लिहावें: जानेवारींत आजोबांस रोज वर्तमानपत्र वाचून दाखवीन, फेब्रुवारींत पाणी मीच भरीन, या रीतीनें. मात्र ही भेट 25 डिसेंबरास पुरी होत नाहीं, पुढील वर्षाच्या शेवटच्या दिवशीं होते, हें ध्यानांत ठेवून चिठ्ठ्या लिहाव्या.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात व दोन्हीं विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, घरगुती भेट म्हणजे बहुधा आईच्या कष्टांची भेट. मुलगा मित्राचें नांव सांगतो, आणि रात्रीं अकरा वाजतां लाडू वळीत बसते ती आई. हा आक्षेप अगदीं खरा आहे. म्हणूनच ‘माझ्या हातांनीं’ ही अट मीं वर घातली. चुलीशीं किंवा शेगडीशीं वडील माणसानें उभें राहावें. पण कुटणें, वळणें व भांडीं घासणें हें देणाऱ्यानेंच करावें, मग तो मुलगा असो कीं मुलगी. दुसरा आक्षेप असा कीं, हातानें केलेल्या वस्तूस कधीं कधीं विकतच्या वस्तूहून अधिक खर्च येतो. हेंही खोटें नाहीं. चकाकणारे कागद, मणी, रंग, तयार डबे यांच्या मागें लागल्यास पैसा वाचत नाहीं. केवळ दुकान बदलतें. साहित्यासाठीं बाजारांत जावें लागलें तर तो बेत सोडून दुसरा शोधावा. आणि वस्तु ओबडधोबड झाली तर? होऊं द्यावी, पण निष्काळजीपणें केलेली नसावी. वाकडा टांका क्षम्य आहे. सुटलेला टांका नव्हे.

आपल्या शाळेपुरती माझी सूचना अशी आहे. चिठ्ठ्यांची चाल ठेवावी, रक्कम काढून टाकावी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांतच नांवें निघावीं, म्हणजे सर्वांस पंधरा दिवस मिळतील. भेट हातानेंच केलेली असावी, व हा नियम सधन घरच्या मुलांस इतरांहून अधिक कसोशीनें लावावा. नाहीं तर हातची भेट ही गरिबाची खूण ठरेल व हेतूच फसेल. ज्यांस खर्चच करावयाचा आहे त्यांनीं तो गुप्तपणें, एखाद्याची फी भरून करावा. आम्हां शिक्षकांसही विकत घेतलेली भेट कोणीं देऊं नये, व दिल्यास आम्हीं ती प्रेमानें परत करावी. नियम यशस्वी झाला कीं नाहीं, हें वस्तूंच्या सौंदर्यावरून ठरवूं नये. भेटींच्या दिवशींचा हजेरीपट पाहावा. त्या दिवशीं कोणाचेंही पोट दुखलें नाहीं, तर नियम यशस्वी झाला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येकांच्या हातीं पैसा नाहीं; पण ज्यास द्यावयाचें त्याला काय आवडतें हें पाहणारे डोळे आहेत, आणि न थकणारे हात आहेत. त्यांचा उपयोग करा, आईबापांच्या डोक्यावर नवें देणें न चढवितां सण गोड करा, आणि नवें वर्ष कोणाचेंही कांहीं देणें न लागतां सुरू करा. तुम्हां सर्वांचा नाताळ आनंदाचा जावो.