तीन आणे म्हणजे किती पैसे?

दिवाळी अंकाचे हे पान लिहायला बसलो की आमच्या घरी दरवर्षी तोच संवाद होतो. स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "यंदा कशावर?" मी विषय सांगतो आणि तिकडून एक 'हं' ऐकू येतो. त्या 'हं'च्या लांबीवरून लेख कसा होणार हे मला आधीच कळते.

यंदा मी म्हणालो, "जुन्या सीव्हीएसला नव्या गिटच्या भांडारात शिरकाव कसा द्यावा, यावर."

'हं' आलाच नाही. झारा हातात घेऊन सौभाग्यवतीच दारात आली. "अहो, लोक फराळ करताना वाचतात हे पान. ठसका लागेल एखाद्याला!"

तिचे म्हणणे खोटे नाही. पण वाचकहो, या गोष्टीत ऊस आहे, बैलगाड्या आहेत, एक जुने माणूस आहे आणि माझी स्वतःची एक घोडचूक आहे. तेव्हा चकली बाजूला ठेवू नका, खात खातच ऐका.

चकलीवरूनच सुरुवात करतो. आमच्या आईची भाजणीची एक वही होती. तीत 'तांदूळ तीन वाट्या' हे शब्द खोडलेले आणि समासात लिहिलेले : 'बहात्तरचा दुष्काळ. तांदूळ मिळत नाही. ज्वारी घातली.' पुढे कधीतरी तांदूळ परत आले, तेही तारीख घालून. काय बदलले, कोणी बदलले, कधी आणि का, हे सारे त्या तेलकट पानांत होते. संगणकाचा प्रोग्राम म्हणजे अशीच एक लांबलचक पाककृती, आणि ती लिहिणाऱ्या कचेऱ्यांना अशीच वही लागते. फरक एवढाच, की तिथे एका पाककृतीत एकाच वेळी दहा जणांचे हात असतात.

सीव्हीएस ही अशीच एक वही. ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठातले डिक ग्रून नावाचे प्राध्यापक आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका प्रोग्रामवर काम करीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच येणारा, दुसऱ्याच्या येण्याजाण्याला काळवेळ नाही, आणि प्राध्यापकांना सवड मिळे ती संध्याकाळची. तिघांची गाठ पडणे कठीण! एकाने केलेले दुसऱ्याने पुसू नये म्हणून ग्रून यांनी ही सोय केली आणि १९८६ साली ती सर्वांना खुली केली. पुढे वीसेक वर्षे जगातल्या असंख्य कचेऱ्या तिच्यावर चालल्या. तिची रीत सरळ. प्रत्येक फाइलीला आपला क्रमांक : १.१, मग १.२, मग १.३. आगगाडीच्या स्टेशनांसारखे एकामागून एक.

गिट आले एप्रिल २००५ मध्ये. लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांना जे साधन फुकट वापरायला मिळत होते त्याची सवलत बंद झाली, तेव्हा त्यांनी हे स्वतःच लिहून काढले. गिटमध्ये एकेका फाइलीला क्रमांक नाही. प्रत्येक बदलानंतर सगळ्या घराचेच चित्र काढायचे आणि त्याला चाळीस अक्षरांचे नाव द्यायचे. हे नाव कोणी आत्या ठेवीत नाही, ते आतल्या मजकुरावरूनच हिशेबाने निघते. शिवाय गिटमध्ये हवे तेव्हा फाटे फुटतात आणि पुन्हा मिळतात. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तसे.

आता माझी कचेरी. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत आम्ही साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी इलेक्ट्रॉनिक पेट्या करीत असू. उसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, उतरते, रिकामी होऊन पुन्हा चढते. दोन्ही वजनांतला फरक तो शेतकऱ्याचा ऊस. ते वजन मोजणारा प्रोग्राम एका चिपमध्ये भरलेला असतो. चिपा भरण्याचे काम अण्णांचे. अण्णा मला पंधरा वर्षांनी वडील, हुद्द्याने माझ्या हाताखाली, आणि प्रत्यक्षात मी त्यांच्या.

२०११ साली आम्ही सीव्हीएस सोडून गिट घ्यायचे ठरविले. त्याच वर्षी जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले, म्हणून साल पक्के लक्षात आहे. सगळी तरुण मंडळी खूश. अडचण एकच : अण्णांच्या खोलीतला संगणक. त्याच्यावर विंडोज अठ्ठ्याण्णव. चिपेचा प्रोग्राम तयार करणारे साधन फक्त त्याच्यावरच चाले, कारण त्याची किल्ली प्रिंटरच्या जुन्या भोकात खोचावी लागे, आणि नव्या संगणकांना ते भोकच नाही. या म्हाताऱ्या यंत्रावर गिट काही चालेना. वरचे साहेब म्हणाले, "फेकून द्या." मीही मान डोलावली.

अण्णांनी एवढेच विचारले, "माझं यंत्र एकच भाषा बोलतं रे. तिला उत्तर द्यायला कोणी ठेवणार आहेस की नाही, तेवढं सांग."

शोधाशोध केली तेव्हा कळले की ही अडचण आमच्या एकट्याची नव्हती. २००६ सालीच न्यूझीलंडमधल्या दोघा प्रोग्रामरांनी गिटसाठी एक दुभाषा लिहून ठेवला होता. त्याचे नाव गिट-सीव्हीएससर्व्हर, आणि मालकीहक्काच्या ओळीत नाव आहे ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे. जुने यंत्र पूर्वीच्याच दारावर, म्हणजे २४०१ क्रमांकावर, टकटक करते. आत खरे तर गिट बसलेले. पण दाराशी हा दुभाषा उभा असतो आणि सीव्हीएसच्या अस्सल बोलीत विचारतो, "या, काय हवं?" जुन्या यंत्राला वाटते, आपले आजोबाच अजून गादीवर आहेत!

तो दुभाषा बसविला. अण्णांना फक्त वाचायचे होते, लिहायचे नव्हते, म्हणून दार तेवढेच किलकिले ठेवले, आणि तेही कचेरीच्या आतल्या आत. जुन्या पद्धतीत परवलीचा शब्द जवळजवळ उघडाच प्रवास करतो. असले दार रस्त्यावर उघडू नये, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

पहिल्याच दिवशी अण्णांना काही फाइलींचे क्रमांक पूर्वीपेक्षा निराळे दिसले. त्यांच्याजवळ एक लांब पाठीची नोंदवही होती. कोणत्या कारखान्याच्या चिपेत कोणत्या फाइलीचा कितवा क्रमांक आहे, हे तीत तारीखवार लिहिलेले. आठवडाभर बसून त्यांनी जुन्या क्रमांकांसमोर लाल शाईने नवे लिहिले. तक्रार केली नाही. मला मात्र तो वेळेचा अपव्यय वाटला होता, हे कबूल करतो.

दोन वर्षे बिनघोर गेली. २०१३ च्या ऑक्टोबरात सर्व्हर बदलायचा होता. सामान हलविताना मला दुभाष्याची एक फाइल दिसली. कोणत्या क्रमांकाला गिटमधला कोणता बदल, याचे टिपण तो तीत ठेवीत असे. मी विचार केला, अस्सल माल सगळा गिटमध्ये आहे, ही तर नुसती नक्कल! लागली तर पुन्हा तयार होईल. आणि पुसून टाकली. नव्या सर्व्हरवर दुभाष्याने ते टिपण खरोखरच पुन्हा तयार केले, काही मिनिटांत. मी स्वतःवर खूश होऊन चहा मागविला.

नोव्हेंबरात एका कारखान्यातून फोन आला. मोळी टाकून आठ दिवस झालेले, विजेच्या झटक्याने एका काट्याची पेटी गेली, चिप जळाली. दुसऱ्या काट्यावर सगळा भार, आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर. जळाली तशीच चिप हवी, उद्यापर्यंत.

अण्णांनी वही काढली, आदल्या वर्षीची नोंद पाहिली, तेच क्रमांक दुभाष्याकडे मागितले, चिप भरली. ती भरताना यंत्र आतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून चार अक्षरांत दाखविते. ती चार अक्षरेही अण्णा वहीत लिहीत. ती जुळेनात.

ते माझ्या टेबलाशी आले. मी मान वर न करताच म्हणालो, "अण्णा, वहीत उतरवताना चूक झाली असेल."

"झाली असेल," ते म्हणाले. "म्हणून तीनदा पाहिलं. आता तू तुझं पाहा."

मी पाहिले आणि हातापायांतले बळ गेले. सात फाइलींपैकी सहा ठीक होत्या. सातवी, काटा स्थिर झाला असे केव्हा मानायचे हे ठरविणारी, तिचा १.४७ हा क्रमांक आता भलत्याच मजकुराला चिकटला होता. चिप निमूटपणे चालली असती. फक्त झुलत्या गाडीचे वजन ती किंचित आधी घेऊन मोकळी झाली असती. गाडीमागे दहा-वीस किलो, इकडे किंवा तिकडे. रात्रभर थंडीत बैलांजवळ बसलेल्या माणसाला ते कधी कळलेही नसते.

कसे झाले हे? इथे मला माझे वडील आठवले. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, पण पाव पैसा कुठून आणणार? म्हणून तक्ता निघाला : एक आणा सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. वडील सांगत, वाण्याशी त्या वर्षी रोज भांडण. तीन वेळा एकेका आण्याची वस्तू घेतली तर अठरा पैसे, एकदम तीन आण्यांची घेतली तर एकोणीस! लबाडी कोणाचीच नाही. हिशेब थोडा थोडा केला की एक उत्तर, एकदम केला की दुसरे.

दुभाष्याचे अगदी हेच झाले. सीव्हीएसला संगम समजत नाही, तिला एकच सरळ रेघ हवी. म्हणून दोन फाटे मिळाले की दुभाषा त्यांतला एकच धरतो आणि दुसऱ्यावरची वळणे गाळतो. दोन वर्षे रोजच्या रोज टिपण करताना, संगम व्हायच्या आधीच, तो कृष्णेच्या काठाने चालत आला होता. मी टिपण पुसल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून चालायला घेतले, तेव्हा संगम आधीच झालेला होता, आणि हा पठ्ठ्या कोयनेच्या काठाने आला. कऱ्हाडला दोन्ही वेळा पोचला, पण वाटेतली सत्तेचाळीसावी पायरी एकच कशी असणार? गिटमध्ये सगळे शाबूत होते. हरवला होता तो दोघांमधला बोलीचा करार, आणि तो फक्त त्या फाइलीत लिहिलेला होता. दुभाष्याच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट शब्दांत दिलेले आहे : टिपण पुन्हा तयार करावे लागले तर जुन्या प्रतींकडे संशयाने पाहा.  मी ते वाचलेच नव्हते.

अण्णांच्या वहीत तारीख होती हे नशीब. त्या तारखेच्या आसपासचे पाच उमेदवार मी गिटमधून निवडले आणि प्रत्येकाच्या नावाने एकेक शाखा काढली. दुभाषा प्रत्येक शाखेला वेगळे दालन समजतो, म्हणून अण्णांच्या म्हाताऱ्या यंत्राला पाचही दालने आपल्याच भाषेत मागता आली. पहिले भरले, बेरीज जुळेना. दुसरे नाही. तिसरे नाही. रात्रीचा एक वाजून गेला होता. चौथ्याला चार अक्षरे उमटली. अण्णांनी वहीवर बोट ठेवले आणि चष्मा काढून डोळे पुसले. पाचवा उमेदवारही त्यांनी भरून पाहिला. "तोही जुळला तर?" म्हणाले. तो जुळला नाही. पहाटेच्या पहिल्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ पुडके दिले, तेव्हा कुठे आम्ही घरी गेलो.

असे दुभाषे मोठमोठ्यांनीही ठेवले होते. गिटहब या प्रसिद्ध भांडाराने सीव्हीएसची धाकटी बहीण सबव्हर्जन, तिच्यासाठी दार उघडले ते २०१० च्या एक एप्रिलला. तारीख पाहून लोकांना थट्टाच वाटली! थट्टा नव्हती, ते दार तेरा वर्षांहून अधिक काळ चालले आणि जवळजवळ वर्षभर आधी सांगून जानेवारी २०२४ मध्ये बंद झाले. बंद केले याबद्दल मी दोष देत नाही. दुभाष्याला रोज कोणीतरी सांभाळावे लागते, हे मला चिपेच्या भावात कळलेले आहे. वर्षभर आधी सांगितले, ही माणुसकी मात्र मला आवडली. आमच्या साहेबांनी अण्णांना एक आठवडा दिला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा नेहमीच्या वेळेला हजर. पट्टी घेऊन वहीत नवा रकाना आखीत बसले होते. मी प्रत्येक चिपेच्या नोंदीसमोर गिटमधले नाव छापून दिले. त्यांनी ते हातभर लांबून वाचले.

"चाळीस अक्षरं! आमचं चारात भागत होतं."

"पहिली सात लिहा, अण्णा. तेवढी पुरतात."

"आणि हे बदलत नाही? तू काही पुसलंस तरी?"

"नाही. ते मजकुरावरूनच निघतं. मजकूर तोच, तर नाव तेच."

अण्णांनी पेन खाली ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"मग दोन वर्षांपूर्वी मी लाल शाईनं आकडे लिहीत बसलो होतो, तेव्हा हे का नाही सांगितलंस?"