मालाची गाडी आणि मीटरचा काटा

नेर परसोपंतच्या बाजारात कापडाचा धंदा करणाऱ्या आम्हा लोकांना ठोक मालासाठी अमरावती जवळची. सकाळी निघायचे, दुपारी गाठी भरायच्या आणि नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याने दिवेलागणीपर्यंत गावात यायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. लग्नसराई नेमकी एप्रिल-मे महिन्यांत येते आणि त्याच महिन्यांत आमच्या विदर्भात पारा 44-45 अंशांवर जातो. म्हणजे गाडीवर सर्वांत जास्त ओझे आणि इंजिनला सर्वांत जास्त ताप, दोन्ही एकाच वेळी. अशा दिवसांत गाडी रस्त्यात बसली तर नुकसान केवळ इंजिनकामाचे नसते. माल वेळेवर न आल्याने गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि लग्नाचा बस्ता एकदा दुसरीकडे बांधला गेला की त्या घरची पुढची खरेदीही तिकडेच जाते.

म्हणून व्यापाराच्या या पानावर आज आम्ही कापडाच्या भावाऐवजी गाडीच्या मीटरबद्दल लिहीत आहोत. कंपनीने दिलेल्या मीटरांशिवाय मालक बाजारातून आणून डॅशबोर्डावर जी मीटरे बसवून घेतो, ती आमच्या मनात आहेत. पुष्कळ लोक यास पोरांचा शौक समजतात. निळ्या-लाल उजेडाची घड्याळे लावून गाडी मिरविणारे आहेतच, त्यांच्याशी आमचे काही देणेघेणे नाही. पण जो माणूस गाडीवर पोट भरतो त्याच्यासाठी खरे बोलणारा काटा ही चैन नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्वीच्या जीपमध्ये पाण्याच्या तापमानाचा, ऑइलच्या दाबाचा आणि बॅटरीच्या चार्जिंगचा काटा समोर असे. आमच्या वालिदांच्या वेळचे ड्रायव्हर रस्त्याइतकेच त्या काट्यांकडे पाहत. अँबेसेडरचे उत्पादन 2014 साली थांबले, जुन्या जीपही हळूहळू भंगारात गेल्या आणि त्यांच्याबरोबर काटेही गेले. आता अनेक छोट्या गाड्यांत पाण्याच्या तापमानासाठी फक्त दिवा असतो. इंजिन थंड असता निळा, प्रमाणाबाहेर तापले की लाल, आणि मधल्या वेळी काहीच नाही. जेथे काटा आहे तेथेही तो बहुधा असा बनविलेला असतो की पाणी 80 अंशांवर असो वा 100 अंशांवर, तो मधोमध स्वस्थ बसून राहतो. काटा जरासा हलला की ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटरला धावतो, त्यापेक्षा तो हलूच नये, असा यामागचा विचार. ऑइलचा लाल दिवा तर दाब 5-7 पौंडांवर उतरल्यावरच लागतो. चालत्या इंजिनात हा दाब साधारण 40-50 पौंड असतो. 45 वरून 15 वर आला तरी दिवा गप्पच. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, मुनीम रोजचा हिशेब दाखवीत नाही, दिवाळे निघाल्यावर तेवढा येऊन सांगतो.

मात्र बाहेरून बसविलेला काटाही खोटे बोलू शकतो, आणि त्या खोट्याची शिक्षा भलत्यालाच मिळते. हे आम्ही स्वतःच्या हाताने केले आहे.

2012 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे एक जुनी पिकअप होती. तिच्यात आम्ही मोठ्या हौसेने तापमानाचे वेगळे मीटर बसवून घेतले होते आणि ड्रायव्हरला बजावले होते, काटा वर गेला की गाडी थांबव. एका दुपारी माल घेऊन परत येत असता इंजिन जाम झाले. हेड वाकले, गॅस्केट जळाले. खालचा होजपाइप फाटून सगळे पाणी रस्त्यात गेले होते. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, काटा वर गेलाच नाही. उलट खाली आला होता. मला वाटलं, वारा लागून गाडी थंड झाली." आमचा विश्वास बसला नाही. इंजिन जळून कोळसा झाले आणि काटा म्हणे खाली! गॅरेजातल्या दोघा-चौघांनीही हसून घेतले. एकूण 28 हजार रुपये खर्च झाला. त्यातला निम्मा आम्ही त्याच्या पगारातून दरमहा दीड हजाराप्रमाणे कापण्यास सुरुवात केली. तो चार महिने काही बोलला नाही, पाचव्या महिन्यात काम सोडून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात यवतमाळच्या एका बुजुर्ग रेडिएटरवाल्याजवळ बोलण्याच्या ओघात हा किस्सा निघाला. त्याने हातातले काम बाजूला ठेवले आणि म्हटले, तुमचा ड्रायव्हर खरे बोलला. तापमानाचे मीटर ज्या सेन्सरवर चालते तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी गेले की तो कोरडा पडतो. मग भोवतीचे लोखंड तापत असले तरी तो पाण्याइतकी उष्णता पकडत नाही, आणि इंजिन मरत असता काटा खाली उतरतो. चालत्या गाडीत काटा एकाएकी खाली आला तर ती वर जाण्याइतकीच वाईट खबर समजावी.

आम्ही घरी येऊन त्या जुन्या मीटरचा सेन्सर काढला, बॅटरीला जोडला आणि चहाच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरला. काटा 100 च्या जवळ गेला. बाहेर काढला, तसा काही वेळात खाली आला. मीटर चांगले होते. कसूर आमच्या अकलेचा होता. ड्रायव्हरचे कापलेले सहा हजार आम्ही त्याच्या घरी नेऊन दिले. त्याने पैसे घेतले, चहाही पाजला, पण कामावर परत आला नाही.

कापडवाल्याच्या गजावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. तो नसेल तर निरीक्षक दंड करतो आणि तो योग्यच करतो. डॅशबोर्डावरच्या या मीटरांना असा शिक्का नाही. दुकानदार जे देईल ते आपण घेतो. म्हणून उकळत्या पाण्याची परीक्षा प्रत्येकाने मीटर बसविण्यापूर्वीच करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे असावेत. एका कंपनीचे मीटर आणि दुसऱ्या गाडीचा सेन्सर जोडून "चालतंय ना" म्हणणारे कारागीर प्रत्येक गावात आहेत. काटा चालतो खरा, पण त्याने दाखविलेला आकडा कशाचाच नसतो. अनेक सेन्सर इंजिनच्या लोखंडातूनच अर्थिंग घेतात, त्यांच्या आट्यांवर पांढरी टेप भरमसाट गुंडाळली तरी काटा चुकतो.

ऑइलच्या मीटरचे दोन प्रकार मिळतात. एकात बारीक नळीतून गरम ऑइल थेट डॅशबोर्डापर्यंत येते आणि मीटरच्या आतली वाकडी पोकळ नळी दाबाने सरळ होऊ पाहते, त्यावर काटा फिरतो. ही युक्ती फ्रान्सच्या बूर्दों नावाच्या गृहस्थाने 1849 साली पेटंट करून घेतली आणि गॅसच्या सिलिंडरपासून बॉयलरपर्यंत ती आजही चालते. मीटर खात्रीचे, पण गाडीत ती नळी कोठे घासून फुटली तर उकळते ऑइल ड्रायव्हरच्या पायांवर येते आणि इंजिनही रिकामे होते. म्हणून किंमत थोडी जास्त पडली तरी वायरीवर चालणारे मीटर घ्यावे, असे आम्ही म्हणू. मालकाचे चार पैसे वाचावेत म्हणून ड्रायव्हरचे पाय भाजू नयेत.

चार्जिंगसाठी जुन्या जीपसारखे अँपिअरचे मीटर आता लावू नये. त्यात गाडीची जवळजवळ सगळी वीज जाड वायरीने डॅशबोर्डापर्यंत येऊन परत जाते, आणि ती वायर पत्र्याला लागली की आग. व्होल्टचे साधे मीटर पुरे. इंजिन बंद असता चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास आणि चालू असता 13.8 ते 14.4 दाखविते. नव्या काही गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमीजास्त होत असते, तेवढे लक्षात ठेवावे.

बसविण्याचे काम मात्र मीटरपेक्षा महत्त्वाचे. आमच्याकडे रीत अशी की हाती लागेल ती वायर सोलायची, तिच्यावर दुसरी वायर पिळायची आणि वर चिकटपट्टी मारायची. उन्हाळ्यात ती पट्टी विरघळून सुटते. मीटरची वीज चावी फिरविल्यावर चालू होणाऱ्या लाइनीवरून घ्यावी, सुरुवातीलाच दोन-तीन अँपिअरचा फ्यूज द्यावा आणि इंजिनाकडून आत येणारी वायर पत्र्याच्या भोकातून रबर लावूनच घ्यावी. रबर दहा-वीस रुपयांचे, पण कारागीर ते लावीत नाही कारण मालक मागत नाही. आणखी एक. जुलै 2019 पासून मोटारींत ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली, नंतर शेजारच्या सीटसाठीही झाली. ज्या झाकणाखालून ती फुगते त्यावर मीटर चिकटविले, तर अपघातात ते गोळ्यासारखे तोंडावर येईल. खांबावर मीटर लावण्याची फॅशन आहे, पण काही गाड्यांत तेथेही एअरबॅग असते.

गाडी गेल्या दहा-बारा वर्षांतली असेल तर एकही वायर न कापता काम होऊ शकते. स्टिअरिंगच्या खाली मेकॅनिक आपले तपासणीचे मशीन जेथे जोडतो, त्याच सॉकेटमध्ये बसणारे छोटे डिस्प्ले मिळतात आणि इंजिनाचा कॉम्प्युटर पाण्याचे जे तापमान मोजतो ते जसेच्या तसे आकड्यांत दाखवितात. ऑइलचा दाब मात्र बहुतेक गाड्यांत त्यावर येत नाही, कारण कंपनीने दाब मोजणारा सेन्सर दिलेलाच नसतो, फक्त दिव्याचा स्विच असतो. विकणारा "सगळं दिसतं" म्हणाला तरी हे विचारून घ्यावे. वॉरंटीतल्या गाडीत बाहेरचे काही बसविण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलेले बरे.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाला आणि जून 2025 मध्ये तो मुंबईच्या बाजूने पुरा झाला. आमच्या अमरावतीच्या रस्त्यावरून तो फार दूर नाही. आता आमच्यातले व्यापारी भिवंडीला त्याच वाटेने जाऊ लागले आहेत. तासन् तास एकाच वेगाने तापलेल्या सिमेंटवर टायर पळतो तेव्हा पाण्याइतकीच टायरची फिक्र करावी लागते. चारी वॉल्व्हवर टोपीसारखे फिरविण्याचे सेन्सर आणि समोर छोटा पडदा, असा संच बाजारात मिळतो. वायरीची भानगड नाही, ज्याचे त्याला बसविता येते. फक्त हवा सकाळी टायर थंड असता भरावी. दुपारी गरम टायरचा आकडा वाढलेला दिसणारच, तो पाहून हवा सोडणे हे मोठे अज्ञान. कमी हवेचाच टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो.

एवढ्या सगळ्यास खर्च किती, असे आमचे व्यापारी बंधू विचारतील. एका लग्नाच्या बस्त्यात आपण जेवढी सूट देतो, तेवढ्यात हे बसते. खर्च मालकानेच करावा. आम्ही पाहिले आहे की काही मालक मीटर बसवितात ते ड्रायव्हरवर पहारा म्हणून, आणि बिघाड झाला की तोच काटा पुरावा म्हणून पुढे करतात. आमच्या गाडीत आता एक वही असते. ड्रायव्हर निघताना, नांदगावला आणि पोहोचल्यावर असे तीन वेळा पाण्याचा आणि ऑइलचा आकडा लिहितो. कंपनीच्या पुस्तकात नसेल ते या वहीत मिळते, कारण आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा कोणता हे तीच सांगते. मागच्या एप्रिलमध्ये पाण्याचा आकडा तीन फेऱ्यांत 88 वरून 96 वर गेलेला दिसला. लाल दिवा लागला नव्हता, गाडीही कुरकुरत नव्हती. रेडिएटर उघडला तर निम्म्या नळ्या गाळाने बुजलेल्या. दोन दिवसांत साफ होऊन आला, आणि तिसऱ्या दिवशी गाडी माल आणायला गेली.