आगीच्या दुर्घटनेनंतर ओळख पटायला वेळ का लागतो?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळून २६० जणांचा मृत्यू झाला. बहुतेक मृतदेह इतके जळाले होते की ओळख डीएनए तपासणीवरच अवलंबून राहिली. नातेवाइकांना कित्येक दिवस थांबावे लागले. असा प्रसंग कुणावरही न येवो. पण हा उशीर का होतो, हे माहीत असलेले बरे.

हाडात कोलॅजेन नावाचे प्रथिन आणि कॅल्शियमची खनिजे असतात. आगीत आधी प्रथिन जळते आणि हाड काळे पडते. उष्णता वाढत गेली की ते राखाडी आणि शेवटी पांढरे होते. काळ्या हाडात डीएनए मिळू शकतो. पांढऱ्या हाडात तो बहुधा उरत नाही. म्हणून तज्ज्ञ दात आणि जाड हाडांचा आतला, कमी जळालेला भाग शोधतात. त्यातला डीएनए आई-वडील किंवा मुलांच्या नमुन्याशी जुळवून पाहतात.

‘अस्थींवरून नंतर तपासता येणार नाही का?’ अस्थींवरून वयाचा किंवा लिंगाचा काही अंदाज बांधता येतो. खात्रीने ओळख पटवणे मात्र फार अवघड असते. म्हणून अहवाल येईपर्यंत धीर धरा, अंत्यसंस्कारांची घाई करू नका.

जवळच्या रक्ताच्या नात्यातील व्यक्तीचा नमुना लवकर द्या. दातांचे एक्स-रे आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्या. कृत्रिम सांध्यावरचा क्रमांक आगीतही टिकू शकतो. त्यामुळे रुग्णालयाने दिलेले इम्प्लांट कार्ड जपून ठेवा आणि ते कुठे आहे, हे घरच्यांना सांगून ठेवा.