ऑनलाइन गुन्हे आणि राज्यांची विधिमंडळे : शिक्षेआधी व्याख्या हवी

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी एकीने फेसबुकवर आपले मत लिहिले होते. दुसरीने त्या मजकुराला केवळ पसंती दर्शविली होती. त्यांच्यावर लावलेल्या कलमांमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ होते. देशभर टीका झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि अखेरीस तो गुन्हा बंद करण्यात आला. परंतु या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आज कोणत्याही गावातील एखाद्या मुलीचे छायाचित्र तिच्या खात्यावरून उचलले जाते, संगणकाच्या साहाय्याने नग्न देहाला जोडले जाते आणि ‘पैसे दे, नाहीतर हे तुझ्या नातेवाइकांना पाठवतो’ अशी धमकी तिला येते. ती घरी बोलू शकत नाही, आणि पोलीस ठाण्यात जाण्याचे धैर्य तिने एकवटले तरी तिची तक्रार कोणत्या कलमाखाली नोंदवायची याविषयी तेथे घोळ सुरू होतो.

ऑनलाइन गुन्ह्यांसाठी कायदा करणाऱ्या प्रत्येक विधिमंडळाने या दोन्ही मुलींचा विचार करावयास हवा. एकीला कायद्यापासून संरक्षण हवे आहे, दुसरीला कायद्याचे संरक्षण हवे आहे. गेल्या दीड दशकात आपल्या राज्यांनी या दिशेने जे प्रयत्न केले, त्यांचा हिशेब या कसोटीवर मांडून पाहणे उद्बोधक ठरेल.

राज्यांचा अधिकार किती?

प्रथम घटनेतील अधिकारविभागणी लक्षात घेऊ. सातव्या परिशिष्टानुसार सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यसूचीत आहेत. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर संसद आणि विधिमंडळ दोघांनाही कायदा करता येतो. दूरध्वनी, बिनतारी संदेश आणि तत्सम संपर्कसाधने मात्र केंद्राच्या सूचीत आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, संसदेने केलेला आणि साऱ्या देशाला लागू असलेला. समवर्ती सूचीतील विषयावर राज्याला केंद्रीय कायद्याशी विसंगत असे काही करावयाचे असेल, तर घटनेच्या अनुच्छेद २५४ (२) नुसार ते विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवावे लागते. त्यांची संमती मिळाली तरच ते त्या राज्यापुरते टिकते.

याचा अर्थ असा, की राज्याला गुन्ह्याची नवी व्याख्या करता येते, पण ती वाट अरुंद आहे. गुन्ह्याचा तपास कोणी व कसा करावा, त्यासाठी माणसे आणि साधने किती द्यावीत, ही वाट मात्र राज्यासाठी पूर्ण मोकळी आहे. दुर्दैवाने आपले लोकप्रतिनिधी अरुंद वाटेवर गर्दी करतात आणि मोकळ्या वाटेवर क्वचितच फिरकतात.

केरळचा धडा

केरळने हा प्रयोग दोनदा केला. २०११ च्या केरळ पोलीस कायद्यातील कलम ११८ (ड) नुसार, अशिष्ट रीतीने कोणाला त्रास होईल असे बोलणे, दूरध्वनी करणे वा संदेश पाठविणे हा गुन्हा होता. २०१५ च्या ज्या निकालाने ६६अ रद्द झाले, त्याच निकालाने हेही कलम रद्द झाले. कारण एकच : ‘त्रास’ म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलेच नव्हते. एकाला जे वाक्य त्रासदायक वाटते ते दुसऱ्याला साधी टीका वाटते. आपण नेमका कोणत्या क्षणी गुन्हा केला हे नागरिकाला कळत नसेल, तर तो कायदा नागरिकाला वाट दाखवीत नाही, केवळ पोलिसाच्या हाती काठी देतो.

तरीही नोव्हेंबर २०२० मध्ये केरळ सरकारने त्याच कायद्यात ११८अ हे नवे कलम घालणारा अध्यादेश काढला. स्त्रिया आणि बालके यांच्यावर समाजमाध्यमांतून होणारे हल्ले रोखणे हा त्याचा सांगितलेला हेतू होता, आणि तो हेतू खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु कलमाचे शब्द हेतूपेक्षा कितीतरी रुंद होते. कोणत्याही संपर्कमाध्यमातून कोणाला धमकावणारा, अपमानित करणारा वा बदनाम करणारा खोटा मजकूर प्रसृत केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही, अशी शिक्षा त्यात होती. ‘कोणत्याही माध्यमातून’ या शब्दांत वृत्तपत्रेही आली. ‘स्त्री’ आणि ‘बालक’ यांच्यापुरते ते कलम मर्यादितही नव्हते. २१ नोव्हेंबरला राज्यपालांनी त्यावर स्वाक्षरी केल्याची बातमी आली आणि २३ नोव्हेंबरला, विरोधकांबरोबर स्वकीयांनीही टीका केल्यावर, मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी तो अमलात आणणार नसल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला.

यात नुकसान कोणाचे झाले? ज्या स्त्रियांच्या नावाने तो अध्यादेश निघाला त्यांचेच. शब्द नेमके असते, तर कदाचित आज त्या राज्यात त्यांना उपयोगी पडणारे एक कलम अस्तित्वात असते.

तामिळनाडूची वाट

तामिळनाडूने वेगळा मार्ग धरला. सराईत गुंडांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा त्या राज्याचा १९८२ चा एक कायदा आहे. २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती करून सायबर गुन्हेगारांचाही समावेश करण्यात आला. स्थानबद्धतेची कमाल मुदत बारा महिने. संघटितपणे शेकडो लोकांना लुबाडणाऱ्या टोळीला जामिनावर सुटताच पुन्हा तोच धंदा करू न देणे, ही प्रशासनाची निकड समजण्यासारखी आहे. तथापि स्थानबद्धता म्हणजे गुन्हा सिद्ध करणे नव्हे. येथे साक्षीपुरावा न्यायालयापुढे तपासला जात नाही, आरोपी दोषी ठरत नाही आणि पीडित व्यक्तीला न्यायही मिळत नाही. तपास दुबळा असला की स्थानबद्धता सोयीची वाटू लागते. ती सोय जितकी अंगवळणी पडते, तितका तपास अधिकच दुबळा राहतो.

महाराष्ट्राचे ‘शक्ती’ विधेयक

आपल्या राज्याचा प्रयत्न या दोहोंहून महत्त्वाकांक्षी होता. डिसेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेले ‘शक्ती’ विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि तिच्या सुधारणांसह डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. बलात्कार व ॲसिडहल्ल्यासारख्या गुन्ह्यांसाठी कठोर शिक्षा हा त्याचा अधिक गाजलेला भाग. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते भारतीय दंड संहितेत घालावयाचे कलम ३५४ई. दूरध्वनी, ई-मेल, समाजमाध्यमे अशा साधनांतून स्त्रीचा छळ करणे, तिला धमकावणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा मानला होता. तपासासाठी मागितलेली माहिती समाजमाध्यम कंपन्यांनी मुदतीत न दिल्यास त्यांनाही शिक्षेची तरतूद होती. ही दुसरी तरतूद फार मोलाची होती, कारण अशा गुन्ह्यांत आरोपीचा माग कंपनीच्या नोंदींतच असतो आणि त्या नोंदी कायम राहत नाहीत.

पुढे काय झाले? विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले; ती संमती मिळून त्याचा कायदा झाला नाही. दरम्यान १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या १८६० च्या दंड संहितेत ते कलम घालावयाचे होते, ती संहिताच इतिहासजमा झाली. ज्या तरतुदीविषयी फारसा मतभेद नव्हता, तीही फाशीसारख्या वादग्रस्त तरतुदींबरोबर एकाच गाठोड्यात बांधली गेल्यामुळे अडकून पडली. ऑनलाइन छळाचे छोटे, नेमके, स्वतंत्र विधेयक मांडले असते, तर त्याची गती निराळी झाली असती असे मानण्यास जागा आहे.

उणीव नेमकी कोठे आहे?

कायद्यात काहीच नाही असे नव्हे. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने पाठलाग हा गुन्हा ठरविला. तो आता न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे हे त्या कलमात स्पष्टपणे नोंदविलेले आहे. तंत्रज्ञान रोज बदलते म्हणून कायद्याचे शब्द मोघमच ठेवावे लागतात, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. हे कलम त्याला उत्तर आहे. त्यात कोणत्याही यंत्राचे वा कंपनीचे नाव नाही, तरीही कोणती कृती गुन्हा आहे याविषयी शंका उरत नाही.

उणीव आहे ती बनावट छायाचित्रांच्या बाबतीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई हे व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र तिच्या संमतीविना टिपणे वा पसरविणे यासाठी आहे. न्याय संहितेचे कलम ७७ हेही खासगी क्षणी स्त्रीला चोरून पाहणे वा तिचे चित्र घेणे यासाठी आहे. परंतु चेहरा तिचा आणि देह यंत्राने रचलेला असेल, तर ‘तिचे’ चित्र कोणी घेतले? मग पोलीस वळतात कलम ६७ आणि ६७अ कडे. ही कलमे अश्लील मजकुराच्या प्रसाराविरुद्धची आहेत. त्यांनी आरोपीला शिक्षा होऊ शकते, हे खरे. परंतु त्यांच्या दृष्टीने गुन्हा घडतो तो सार्वजनिक नीतिमत्तेविरुद्ध. त्या मुलीच्या प्रतिष्ठेविरुद्ध नव्हे. कायद्याला तिचे दुःख दिसत नाही, केवळ चित्राची अश्लीलता दिसते. शिवाय पाठलागाचे आणि चोरून चित्र घेण्याचे कलम स्त्रीपुरतेच आहे. अठरा वर्षांखालील मुलाला पॉक्सो कायद्याचा आधार आहे, पण अशाच धमकीने गांगरलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला या दोन कलमांचा आधार नाही.

म्हणून कोणत्याही नव्या विधेयकाला तीन प्रश्न विचारावेत. कृती नेमकी कोणती? हानी कोणाची? आणि ती हानी करण्याचा हेतू वा जाणीव सिद्ध करावी लागते काय? या तिहींची उत्तरे ज्या कलमात सापडतात त्यात खंडणीखोर अडकेल आणि मत मांडणारी मुलगी अडकणार नाही.

तपासाचे बळ

व्याख्या अचूक झाली तरी काम अर्धेच होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या कायद्याखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालील दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. सामान्य पोलीस ठाण्यात निरीक्षक मोजकेच, आणि त्यांच्या माथ्यावर बंदोबस्तापासून खुनापर्यंत सारे काही. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. परंतु ६६ई, ६७, ६७अ किंवा पाठलाग, यांपैकी कशालाही पहिल्या अपराधासाठी सात वर्षांची शिक्षा नाही. ती तीन वा पाच वर्षांपर्यंतच आहे. ज्या गुन्ह्यांचा संपूर्ण पुरावा यंत्रात दडलेला असतो, नेमके तेच या बंधनाबाहेर राहिले आहेत. राज्य सरकारने आपल्या अधिकारात या गुन्ह्यांसाठीही तज्ज्ञांची मदत देण्यास कोणतीही आडकाठी नाही.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा सुरू केल्या, ही जमेची बाजू. त्यांत प्रशिक्षित माणसे किती आहेत, जप्त केलेल्या फोनचा अहवाल किती महिन्यांनी येतो, किती खटले निकाली निघाले, हे प्रश्न आपल्या आमदारांनी प्रत्येक अधिवेशनात विचारावयास हवेत. त्यासाठी राष्ट्रपतींची संमती लागत नाही.

पोलीस ठाण्यापर्यंत कायद्याचे ज्ञान पोहोचणे हेही तितकेच निकडीचे आहे. रद्द झालेल्या ६६अ खाली देशात गुन्हे नोंदविले जातच राहिले. जुलै २०२१ मध्ये हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने धक्का व्यक्त केला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही असे पुन्हा बजावले. निकालानंतर साडेसात वर्षांनी! जे कलम अस्तित्वात नाही त्याखाली अटक आणि जे कलम अस्तित्वात आहे त्याखाली तक्रार घेण्यास टाळाटाळ, या दोन्हींचे मूळ एकच आहे.

मतदारांनी हे ध्यानात ठेवावे. ‘कठोर कायदा आणू’ या घोषणेला टाळ्या मिळतात. ‘प्रत्येक ठाण्यात एक प्रशिक्षित अधिकारी देऊ’ या आश्वासनाला मिळत नाहीत. तथापि पीडितेच्या हिताचे दुसरेच आहे. आपल्या परीने आपणही एवढे करावे : घरातील मुला-मुलींवर असा प्रसंग ओढवला, तर आधी त्यांना दोष देऊ नये. संदेश पुसू नयेत, त्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात, पैसे देऊ नयेत. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे आणि लेखी तक्रारीची पोच मागून घ्यावी.

विधिमंडळाचे पुढील अधिवेशन येईल, नवी विधेयके येतील. त्या वेळी शिक्षा किती वर्षांची आहे हे पाहण्याआधी व्याख्येची ओळ वाचावी, आणि त्यानंतर त्या कामासाठी किती माणसे व किती निधी दिला आहे ते पाहावे. पालघरच्या तरुणींवर जे कलम लावले गेले, तेही कोणाच्या तरी संरक्षणासाठीच केलेले होते.